पेनड्राइव्ह फॉरमॅट केला तरी शॉर्टकट परत येतात? आधी संगणक बघा

"दादा, परत आलं बघा."

तहसील कचेरीसमोर झेरॉक्स-डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या ताईंचा महिन्याभरातला हा तिसरा फोन. काय परत आलं, हे विचारावं लागलं नाही. पेनड्राइव्ह लावला की फोल्डर जागच्या जागी दिसतात, नावंही तीच, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो वाकडा बाण. डबल क्लिक केलं तर फोल्डर उघडतोही, आतली फाइल मिळते, प्रिंट निघते. त्यामुळे पहिले चार-आठ दिवस कुणाला काही खटकतच नाही. मग एखादं गिऱ्हाईक घरून परत येतं आणि काउंटरवर सगळ्यांदेखत म्हणतं, "तुमच्याच दुकानातून व्हायरस आलाय."

ताईंनी तोवर पेनड्राइव्ह चार वेळा फॉरमॅट केला होता. यूट्यूबवर बघून एक कमांड मारली होती, फायली परत दिसल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शॉर्टकट. मीसुद्धा त्यांचा संगणक एकदा फॉरमॅट करून दिला होता, वर त्याचे पैसेही घेतले होते. म्हणून या वेळी जरा ओशाळूनच गेलो.

हा त्रास जुनाच आहे. पण झेरॉक्सची दुकानं, फोटो स्टुडिओ, शाळेतली संगणकाची खोली, अशा ठिकाणी तो अजून मेलेला नाही, कारण तिथे रोज अनोळखी पेनड्राइव्ह लागतात. आणि उपाय म्हणून जो तो पेनड्राइव्हच धुवत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बिऱ्हाड संगणकात असतं. पेनड्राइव्ह ही त्याची फक्त एसटी.

आधी खात्री करा की हे तेच आहे

ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. खिडकीत चार शॉर्टकट दिसतायत आणि वापरलेली जागा मात्र सहा जीबी दाखवतेय, तर फायली गेलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत. मग व्ह्यूमध्ये जाऊन डिटेल्स निवडा. टाइपच्या रकान्यात 'फाइल फोल्डर'ऐवजी 'शॉर्टकट' आणि साइज एक-दोन केबी असेल तर शंकाच नको.

सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गोष्टी: लावताच "फॉरमॅट करा" असं विचारणारा पेनड्राइव्ह हा व्हायरस नव्हे, त्याची फाइल सिस्टीम बिघडली आहे किंवा चिप मरायला टेकली आहे. तिथे हे उपाय करू नका. रस्त्यावर चारशे-पाचशेत मिळणारा 'दोन टीबी'चा पेनड्राइव्ह काही दिवसांनी फायली खातो, तो बनावट क्षमतेचा असतो. फोल्डरसारखं चित्र असलेल्या पण शेपटीला ईएक्सई असलेल्या, सगळ्या एकाच साइजच्या फायली दिसल्या तर ते या कुटुंबातलं जुनं भावंड, त्याला पुढचेच उपाय चालतात. पण फायलींच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलंय, एकही उघडत नाही आणि पैसे मागणारी चिठ्ठी ठेवलीय, तर हे रॅन्समवेअर आहे. नेटची वायर काढा, काहीही पुसू नका आणि 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोल आणि डच पोलिसांच्या मोफत प्रकल्पात त्या प्रकारची किल्ली आहे का ते दुसऱ्या संगणकावरून बघा. तो सगळाच वेगळा विषय.

आत काय चालतं

एकेकाळी पेनड्राइव्ह लावला की विंडोज स्वतःच ऑटोरन नावाची फाइल वाचून आतला प्रोग्रॅम चालवायचं. २००८ साली आलेल्या कॉन्फिकर या व्हायरसने जे रस्ते वापरले त्यातला हा एक. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही अपडेट देऊन पेनड्राइव्हपुरतं हे दार लावलं. मग चोरांनी विचार केला की दार संगणक उघडत नसेल तर माणूस उघडेल. माणूस काय उघडतो? स्वतःचा फोल्डर.

म्हणून तो प्रोग्रॅम तुमच्या खऱ्या फोल्डरला दोन शिक्के मारतो, 'हिडन' आणि 'सिस्टीम'. दुसरा शिक्का महत्त्वाचा, कारण त्यामुळे साधं 'लपलेल्या फायली दाखवा' केलं तरी ते दिसत नाहीत, आणि प्रॉपर्टीजमध्ये हिडनची टिक काढायला गेलात तर ती करड्या रंगाची, दाबलीच जात नाही. मग त्याच नावाचा, त्याच चित्राचा शॉर्टकट बनतो. त्या शॉर्टकटच्या पोटात दोन कामं असतात: आधी लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची छोटी फाइल, चालव, मग खरा फोल्डर उघड. दुसरं काम तुम्हाला दिसतं, पहिलं दिसत नाही.

स्क्रिप्ट बहुधा व्हीबीएस किंवा जेएस प्रकारची असते आणि ती चालवणारा 'डब्ल्यूस्क्रिप्ट' हा विंडोजचाच प्रोग्रॅम आहे. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्टचंच नाव दिसतं आणि बघणारा पुढे जातो. एकदा चालली की ती स्वतःची प्रत तुमच्या खात्याच्या अ‍ॅपडेटा किंवा टेम्प फोल्डरमध्ये ठेवते, संगणक सुरू होताना आपण सुरू व्हावं अशी नोंद करते आणि मग दर काही सेकंदांनी बघत बसते की नवा ड्राइव्ह लागला का. लागला की शिक्के, शॉर्टकट, प्रत. तुम्ही पेनड्राइव्ह फॉरमॅट करून त्याच संगणकात ठेवलात, तर चहाचा घोट घ्यायच्या आत तो पुन्हा भरलेला असतो.

"पण त्याने नुकसान काय होतं? फोल्डर उघडतोय की," असं ताईंचा भाऊ म्हणाला. प्रश्न रास्त आहे. पण शॉर्टकट हा या आजाराचा ताप आहे, आजार वेगळाच असतो. २०१३ च्या सुमारास पसरलेला हुडिनी नावाचा स्क्रिप्टवाला किडा अशाच शॉर्टकटने पेनड्राइव्हवरून फिरायचा आणि संगणकाचा ताबा दूर बसलेल्या माणसाच्या हाती द्यायचा. याच घराण्यातल्या जेनक्सकसवर आणि त्याच्यासोबतच्या ब्लाडाबिंडीवर जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या कोर्टात जाऊन कारवाई केली. गॅमार्यू ऊर्फ अँड्रोमेडाचा काम करायचा ढंग आणखी चलाख: सगळ्या फायली एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकलायच्या आणि बाहेर पेनड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट ठेवायचा. मग मागून हवा तो दुसरा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, आणायचा. त्याचं जाळं २९ नोव्हेंबर २०१७ ला एफबीआय आणि युरोपोलने मिळून तोडलं. जाळी तुटली तरी जुन्या प्रती पेनड्राइव्हमधून फिरत राहतात, आणि नवे येत राहतात. २०२१ मध्ये सापडलेला रास्पबेरी रॉबिनही पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकटनेच घरात शिरतो. म्हणजे बाण दिसला याचा अर्थ कुणीतरी आत येऊन गेलं, किंवा अजून आतच आहे.

खरं चित्र मोबाइलवर दिसतं

खिशात अँड्रॉइड मोबाइल आणि पन्नास-शंभर रुपयांची ओटीजी पिन, म्हणजे मोबाइलला पेनड्राइव्ह जोडायची पिन, असेल तर निम्मं काम तिथेच होतं. विंडोजचे हिडन-सिस्टीमचे शिक्के अँड्रॉइड जुमानत नाही. पेनड्राइव्ह मोबाइलला लावा, फाइल मॅनेजरमध्ये उघडा, खरे फोल्डर, शॉर्टकटच्या एलएनके फायली, ती व्हीबीएस, सगळं एका रांगेत उघडं दिसतं. आणि विंडोजची स्क्रिप्ट मोबाइलवर चालतच नाही. फक्त एपीके शेपटीची, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल दिसली तर तिला बोट लावू नका. गिऱ्हाईक घाईत असेल, मुलाचा अर्ज भरायची शेवटची तारीख असेल, तर हव्या त्या फायली सरळ मोबाइलमध्ये कॉपी करून घ्या. पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर बऱ्याच मोबाइलमध्ये तो उघडत नाही, एवढी एक अडचण.

ताईंकडे गेल्यावर मी पहिलं हेच केलं. नवा कोरा पेनड्राइव्ह, त्यात तीन फालतू फोल्डर. मोबाइलवर बघितला, स्वच्छ. ताईंच्या संगणकाला लावला, काहीही उघडलं नाही, दोन मिनिटं थांबून काढला. परत मोबाइलवर. तीन फोल्डर, तीन एलएनके, एक व्हीबीएस. संगणक नुकताच मी फॉरमॅट केलेला. ताईंनी माझ्याकडे फक्त बघितलं, बोलल्या काहीच नाहीत.

संगणक साफ करायचा क्रम

क्रम चुकला की सगळं पाण्यात, म्हणून सावकाश सांगतो.

सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवा. नेट बंद करा. आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्सच्या पानावर जा. वरच्या रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मध्ये 'कमांड लाइन' टिक करा. ही एक टिक फार कामाची आहे. आता डब्ल्यूस्क्रिप्टच्या ओळीपुढे तो नेमकी कुठली फाइल चालवतोय तो पूर्ण पत्ता दिसतो. पत्त्यात अ‍ॅपडेटा, रोमिंग, टेम्प असे शब्द आणि पुढे अगम्य नाव असेल तर तोच. पत्ता कागदावर लिहून घ्या, मग त्या ओळीवर 'एंड टास्क'.

आधी एंड टास्क, मग नोंदी पुसणं, हे उलटं करू नका. काही स्क्रिप्ट्स स्वतःची स्टार्टअपची नोंद दर काही सेकंदांनी पुन्हा लिहितात. चालू असताना नोंद पुसली तर पाठ वळताच ती परत हजर. मी तरुणपणी एका कॉलेजच्या लॅबमध्ये याच चुकीत अख्खी दुपार घालवली आहे.

आता ती सुरू कुठून होते ते शोधा. टास्क मॅनेजरचं स्टार्टअपचं पान बघा. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या रनच्या खिडकीत इंग्रजीत शेल, कोलन, स्टार्टअप असं सलग टाइप करा, उघडणाऱ्या फोल्डरमध्ये अनोळखी काही असेल तर उडवा. टास्क शेड्युलर उघडून त्यातही दर काही मिनिटांनी स्क्रिप्ट चालवणारं काम लावलंय का बघा, लोक हेच बघायला विसरतात. सगळं एका जागी बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातला 'ऑटोरन्स' हा मोफत प्रोग्रॅम वापरा. त्यात शंका असलेल्या ओळीची आधी नुसती टिक काढा. डिलीट नंतर करता येतं, पण प्रिंटरचा ड्रायव्हर चुकून डिलीट केला तर संध्याकाळपर्यंत शिव्या खाव्या लागतात.

मग कागदावर लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन मूळ फाइल पुसा. टास्क मॅनेजर उघडतच नसेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं करत चार नंबर दाबून सेफ मोडमध्ये या आणि तिथून हेच करा.

आता विंडोज सिक्युरिटी. स्कॅन करायच्या आधी व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये खाली 'एक्स्क्लूजन्स' आहे, ते उघडा. इथे ज्या फोल्डरचं नाव असेल तिकडे डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, ढुंकूनही बघत नाही. दुकानाच्या संगणकात ही यादी सहसा रिकामी असायला हवी. ताईंच्या यादीत आख्खा डी ड्राइव्ह होता. त्यावर पुढे बोलतो. यादी रिकामी करा, नेट लावा, अपडेट घ्या, आणि स्कॅन ऑप्शन्समधून 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज जागं व्हायच्या आधीच, साधारण पंधरा मिनिटं, तपासणी होते. चोर झोपलेला असताना झडती. त्यानंतर एकदा फुल स्कॅन, डी आणि ई ड्राइव्हसकट. जुनी हार्ड डिस्क असेल तर रात्रभर लावून घरी जा.

मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस तसाच बसलेला असेल तर काढून टाका, रीस्टार्टनंतर डिफेंडर जागा होतो. पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर तोच वापरा. दोन-दोन ठेवले तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. कुठला चांगला, या वादात मी पडत नाही. पुण्यातली क्विक हील तर आमच्यासारख्याच दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिली, म्हणून जरा आपुलकी आहे एवढंच. पण वर्षभर अपडेट न केलेला महागडा अँटिव्हायरस आणि दाराला लावलेलं लिंबू-मिरची यात फार फरक नाही.

आता पेनड्राइव्हची पाळी

साफ झालेल्या संगणकावर, किंवा मोबाइलवर कॉपी करून. पेनड्राइव्ह लावा, कशावरही डबल क्लिक नको. ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन. स्कॅन शॉर्टकट आणि स्क्रिप्ट उडवतो, पण शिक्के तसेच राहतात, म्हणून लोकांना वाटतं अँटिव्हायरसने फायली खाल्ल्या. शिक्के काढायची कमांड मी फोनवर अशी सांगतो:

"रनमध्ये सी-एम-डी टाइप करून एंटर. काळी खिडकी आली? पेनड्राइव्हचं अक्षर काय आहे, ई का? मग ई आणि कोलन, एंटर. आता इंग्रजीत अ‍ॅट्रिब, ए-टी-टी-आर-आय-बी. स्पेस. वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून एच. स्पेस. वजा आर. स्पेस. वजा एस. स्पेस. प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, तिला चिकटून एस. स्पेस. तशीच रेघ, डी. स्पेस. चांदणी, टिंब, चांदणी. एंटर. थांबा आता, पुढची ओळ येईपर्यंत."

वजा एच म्हणजे हिडन काढ, आर म्हणजे फक्त-वाचा काढ, एस म्हणजे सिस्टीम काढ. रेघेसह एस म्हणजे आतल्या फोल्डरपर्यंत जा, रेघेसह डी म्हणजे फोल्डरनाही लाव. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' अशी एखादी ओळ आली तर घाबरू नका, तो विंडोजचा स्वतःचा फोल्डर असतो. मात्र ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा. हीच कमांड सी ड्राइव्हवर मारलेला संगणक मी बघितलाय, तो आवरताना नाकी नऊ आले.

शिक्के निघाले की खरे फोल्डर दिसतील आणि स्क्रिप्ट उरली असेल तर तीही दिसेल. बाणवाले शॉर्टकट आणि व्हीबीएस, जेएस, ईएक्सई अशा आगंतुक फायली पुसा. बिननावाचा फोल्डर दिसला तर तो पुसू नका, गॅमार्यूवाल्या प्रकारात तुमचा सगळा माल त्याच्याच पोटात असतो. आतलं बाहेर काढा, मग रिकामा फोल्डर उडवा. हे झाल्यावर फॉरमॅट करायचं तर खुशाल करा. आणि कुणी आधीच फॉरमॅट करून बसलं असेल तर त्या पेनड्राइव्हवर नवं काहीही न टाकता फोटोरेक किंवा रेकुव्हासारख्या मोफत साधनाने फायली काढून बघा, क्विक फॉरमॅट असेल तर बरंच हाती लागतं.

तरीही परत आलं तर

इथेच ताईंची गोष्ट पूर्ण करतो, कारण तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या जागी लपल्या होत्या.

पहिली माझी चूक. मी फॉरमॅट केला तो सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हवर ताईंची दहा वर्षांची कामं, लग्नपत्रिका, अर्जांचे नमुने, म्हणून त्याला हात लावला नाही. त्याच डीवर 'सॉफ्टवेअर' नावाचा फोल्डर होता आणि त्यात फुकट विंडोज चालू करून देणारा एक अ‍ॅक्टिव्हेटर. नव्या विंडोजवर ताईंच्या भावाने तो चालवला. त्याच्यासोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, "आधी अँटिव्हायरस बंद करा आणि डी ड्राइव्ह एक्स्क्लूजनमध्ये टाका." त्याने इमानेइतबारे टाकला. चोराने चौकीदाराला सुट्टी द्यायला सांगितलं आणि आपण दिली. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर फुकट काय येतं ते या एका ओळीत आहे.

दुसरी गोष्ट मागच्या खोलीत. मुख्य संगणक साफ केला, कोऱ्या पेनड्राइव्हने तपासला, ठणठणीत. चार दिवसांनी पुन्हा बाण. तेव्हा मी ताईंना एक वही घालायला लावली: कुठला पेनड्राइव्ह, कधी, कुठे लावला, एवढंच. दोन दिवसांच्या वहीवरून कळलं की पासपोर्ट फोटो मागच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर निघतात. तो विंडोज सातवर. त्याला नेट नाही म्हणून "त्याला कसला व्हायरस येणार" असं सगळ्यांनीच धरलं होतं. नेट नाही म्हणजे अपडेटही नाही, आणि पेनड्राइव्हला नेट लागतच नाही. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस तर नेटपासून तोडलेल्या संगणकांसाठीच बनवला होता, आणि तोही पेनड्राइव्हवरून जायचा. त्यात तर शॉर्टकटवर क्लिकही करावं लागत नसे, नुसतं चित्र दिसलं तरी पुरे. ते भोक मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये बुजवलं, पण ज्या संगणकाने अपडेट घेतलंच नाही त्याला त्याचं काय!

तिसरी गोष्ट म्हणजे या दोन संगणकांच्या मध्ये ये-जा करणारा दुकानाचा लाल पेनड्राइव्ह. घरचाच म्हणून तो कधी कुणी तपासला नाही.

म्हणून दोन किंवा जास्त संगणक असतील तर सगळे एकाच संध्याकाळी, शटर ओढून साफ करायचे. एक आज, एक रविवारी, असं केलं की ते एकमेकांना प्रसाद देत राहतात. ताईंकडे फोटोचा प्रिंटर पुढच्या संगणकाला जोडला, लॅपटॉप कपाटात गेला, लाल पेनड्राइव्ह फॉरमॅट केला.

विंडोज सातचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला, आणि विंडोज दहाचाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दहावरच राहायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत नाव घालावं लागतं, तीही घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

सगळं करूनही कोरा पेनड्राइव्ह घाण होऊन येत असेल तर विंडोज नव्याने टाका. पण या वेळी डीवरच्या फक्त कामाच्या फायली, म्हणजे वर्ड, पीडीएफ, फोटो, पेजमेकर-कोरलच्या फायली बाहेर घ्या. ईएक्सई, स्क्रिप्ट, जुनी सॉफ्टवेअर्स नकोत. आणि इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन्स पुसून नवी करा.

दुकानासाठी दोन-तीन सवयी

स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा भाग, म्हणजे स्क्रिप्ट होस्टच बंद करता येतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, विंडोज स्क्रिप्ट होस्टच्या सेटिंग्जमध्ये 'एनेबल्ड' नावाची किंमत शून्य केली की डब्ल्यूस्क्रिप्ट चालायलाच नकार देतो. व्हीबीएस फाइल नोटपॅडमध्ये उघडायला लावायची युक्ती बरेच जण सांगतात, पण शॉर्टकट सरळ डब्ल्यूस्क्रिप्टलाच हाक मारत असेल तर ती निरुपयोगी. एखादं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर स्क्रिप्ट वापरत असेल तर अडेल, तेवढं तपासा. रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' हे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने केलेलं मोफत साधन केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मिळतं. शाळेच्या लॅबला उपयोगी. झेरॉक्सच्या दुकानात मात्र प्रत्येक गिऱ्हाईकाला अडवत बसणं जमत नाही, तिथे आधी मोबाइलवर उघडून बघणं हेच जास्त चालतं.

आम्हा दुरुस्तीवाल्यांसाठी: स्वतःची साधनं पेनड्राइव्हमध्ये नेऊ नका. बाजूला लॉकची छोटी खिट्टी असलेलं एसडी कार्ड घ्या, साधनं भरा, खिट्टी सरकवा, चांगल्या कार्ड रीडरमधून वापरा. नाहीतर गावभर रोग वाटणारे वैद्य आपणच. मी होतो की नाही, देव जाणे.

आणि जे आधीच गेलं असेल त्याचं

शॉर्टकटवाला संगणक साफ झाला तरी तो आजारी असताना ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, टाइप केलेलं सगळं, कुणीतरी बघितलं असू शकतं. म्हणून जीमेल, बँक, सेवा केंद्राचं लॉगिन, सगळे पासवर्ड बदला. त्याच संगणकावरून नव्हे, मोबाइलवरून. गुगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये कुठली उपकरणं लॉगिन आहेत ते बघून अनोळखी काढा. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्येही बघा. ताईंच्या यादीत चार जुनी ब्राउझर सत्रं निघाली, त्यातलं एक कुठल्या संगणकावरचं ते त्यांनाच आठवेना.

बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. फोन आधी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग.

सगळ्यात वाईट ताईंच्या डेस्कटॉपवर दिसलं. गिऱ्हाइकांच्या आधारच्या पीडीएफ, शेकड्याने. ताईंचं म्हणणं, "त्याला पासवर्ड असतो की." असतो. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. आणि ही दोन्ही त्याच फोल्डरमधल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापलेली. आम्ही त्या संध्याकाळी सगळ्या पुसल्या, रिसायकल बिनसकट, डाउनलोड्स फोल्डरसकट. आता दुकान बंद करताना हे दोन फोल्डर रिकामे करायचं काम ताईंच्या भावाकडे आहे, आणि गिऱ्हाईक नुसतं ओळखीसाठी आधार मागतंय तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार काढून देतात.

वही अजून काउंटरवर आहे. दर शनिवारी कोरा पेनड्राइव्ह दोन मिनिटं लावून मोबाइलवर बघायचा आणि वहीत 'स्वच्छ' किंवा 'बाण' एवढंच लिहायचं. मागचे अकरा शनिवार 'स्वच्छ' आहेत. एका शनिवारी काहीच लिहिलेलं नाही, त्या दिवशी गावची जत्रा होती.